एकाच प्याल्यातून

माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या ख्रिस्ती मंडळीत वाढली. तिथे प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीने भाकर आणि एकाच प्याल्यातला द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीच्या, रविवारी कोणी कुठे बसायचे हे कोणी ठरवून दिलेले नव्हते, तरी तो क्रम कधी चुकत नसे. महारवाड्यातून ख्रिस्ती झालेली कुटुंबे पुढच्या सतरंजीवर बसत आणि मांगवाड्यातली मागच्या. प्याला पुढून मागे जाई, मागून पुढे मात्र कधी येत नसे. दोन्ही वाड्यांचा बाप्तिस्मा एकाच विहिरीच्या पाण्याने झालेला होता. आजी मागच्या सतरंजीवरची. लग्नाआधी तिने एकदा धीर करून पाळकसाहेबांना याबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, "काही जणांना अजून जड जातं गं. थोडं सबुरीनं घ्या." पाळकसाहेब मनाने वाईट नव्हते, असे आजी प्रत्येक वेळी ही गोष्ट सांगताना आवर्जून म्हणत असे.

त्यातले "काही जणांना" हे शब्द मला पुढे दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चच्या, म्हणजे तिथे स्थायिक झालेल्या डचांच्या चर्चच्या, इतिहासात जवळजवळ जसेच्या तसे भेटले, आणि तेव्हापासून तो इतिहास मला परक्या देशाचा वाटेनासा झाला.

या चर्चच्या केप प्रांतातील सिनडने, म्हणजे निर्णय घेणाऱ्या प्रतिनिधी-सभेने, १८२९ साली असे ठरवले होते की, रंगाचा किंवा कुळाचा भेद न करता सर्व सभासदांना प्रभुभोजन एकत्रच दिले जावे. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, स्टॉकेनस्ट्रॉमच्या मंडळीतील काही गोऱ्या सभासदांनी वेगळ्या प्रभुभोजनाची मागणी केल्यावर, तो विषय पुन्हा सिनडपुढे आला. ते वर्ष १८५७. आपल्याकडे ते वेगळ्याच कारणाने लक्षात राहिले आहे. सिनडचा ठराव मोठा सावधपणे लिहिलेला होता. नव्याने विश्वास ठेवलेल्या आफ्रिकी लोकांना आहे त्याच मंडळ्यांत सामावून घेणे इष्ट आणि शास्त्राला धरून आहे, हे त्यात आधी मान्य केले होते. परंतु "काही जणांच्या दुर्बळतेमुळे" जिथे तसे केल्याने ख्रिस्ताच्या कार्याला अडथळा येईल, तिथे या लोकांनी आपल्या ख्रिस्ती अधिकारांचा लाभ वेगळ्या इमारतीत घ्यावा, अशी पुढे सोय करून ठेवली होती.

या ठरावात वर्णभेदाची बाजू घेणारे एकही वाक्य नाही, उलट तत्त्व अगदी निर्मळ आहे, आणि म्हणूनच तो मला इतका अस्वस्थ करतो. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात विश्वासाने दुर्बळ असलेल्यांना सांभाळून घ्यावे, असे पौल लिहितो. परंतु तिथे दुर्बळ म्हणजे ज्याच्या मनाला सहज ठेच लागेल आणि ज्याचा विश्वास त्याने डळमळेल असा भाऊ. केपमध्ये दुर्बळ कोण ठरले, तर ज्यांच्या हाती जमीन, बंदूक आणि सिनडमधील मते होती ते, आणि त्यांना सांभाळून घेण्याची जबाबदारी आली ती ज्यांच्याजवळ यांतले काहीच नव्हते त्यांच्यावर. आमच्या गावातही पुढच्या सतरंजीला जड जात होते आणि सबुरी मागच्या सतरंजीने धरायची होती. आमची पुढची सतरंजी गावाच्या हिशेबात स्वतःच वेशीबाहेरची होती, तेव्हा तिची तुलना केपच्या शेतमालकांशी करता येणार नाही, हे मला कळते. पण ओझे खालच्या बाजूला सरकवण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

अपवाद म्हणून केलेल्या सोयीची व्यवस्था व्हायला फार वेळ लागला नाही. १८८१ साली मिश्रवंशीयांसाठी, म्हणजे तिथल्या सरकारी भाषेत "कलर्ड" म्हणवल्या जाणाऱ्यांसाठी, वेगळे मिशन चर्च स्थापन झाले. पुढे कृष्णवर्णीयांसाठी आणि अखेर १९६८ साली भारतीय वंशाच्या लोकांसाठीही वेगळी चर्चे निघाली. १९४८ साली वर्णभेदाचे धोरण घेऊन सत्तेवर आलेले पंतप्रधान मलान हे याच चर्चचे माजी पाळक होते. म्हणजे देशात कायद्याने जे झाले, ते उपासनेच्या जागी जवळजवळ शतकभर आधी होऊन गेले होते.

याला आतूनही विरोध झाला. बायर्स नॉडे हे याच चर्चचे मानाचे पाळक. १९६० साली शार्पव्हिल येथे पोलिसांनी ६९ निदर्शकांना ठार केल्यानंतर त्यांना गप्प बसवेना, आणि १९६३ साली आपल्या जोहान्सबर्गच्या मंडळीचा निरोप घेऊन त्यांनी ते पद सोडले. १९७७ साली सरकारने त्यांच्यावर लोकांत मिसळण्यास व जाहीर बोलण्यास मनाई करणारा बंदीहुकूम बजावला. परंतु माझ्या मते या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट केली ती वेगळ्या इमारतीत पाठवलेल्यांनीच. केप टाउनजवळच्या बेलहार या वस्तीत १९८२ साली मिशन चर्चच्या सिनडने एका विश्वासांगीकाराचा, म्हणजे आपला विश्वास जाहीरपणे मांडणाऱ्या लेखाचा, मसुदा स्वीकारला आणि १९८६ साली तो अंतिम केला. चर्चचे ऐक्य, समेट आणि न्याय हे त्याचे तीन विषय आहेत, आणि देव हा विशेष अर्थाने निराधारांचा, गरिबांचा व अन्याय सोसणाऱ्यांचा देव आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. रंगावरून माणसांना वेगळे करणे ही केवळ चूक नसून विश्वासाशी केलेली प्रतारणा आहे, असे म्हणण्याचे धैर्य त्यात आहे. आणि तरीही सोबत जोडलेल्या पत्रात, आमच्यापैकी कोणी पहिला दगड मारू धजणार नाही, असेही लिहिले आहे. इतके सोसलेल्या लोकांनी हे लिहावे, याचे मला आजही नवल वाटते.

गोऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चने त्याच वर्षी, १९८६ मध्ये, आपले सभासदत्व सर्व वंशांना खुले केले. त्यावर नाराज झालेल्यांनी दुसऱ्याच वर्षी फक्त गोऱ्या आफ्रिकानेरांसाठी, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या आफ्रिकान्स बोलणाऱ्यांसाठी, आपले निराळे चर्च काढले. दुर्बळता अजून शिल्लक होती, असे म्हणायचे.

नोव्हेंबर १९९० मध्ये रस्टेनबर्ग येथे देशातील बहुतेक सर्व चर्चांची परिषद भरली. तिथे स्टेलेनबॉशचे प्राध्यापक विली योंकर यांनी वर्णभेदाच्या अन्यायातील स्वतःच्या दोषाचा अंगीकार केला, आणि डच रिफॉर्म्ड चर्चच्या व आफ्रिकानेर समाजाच्या वतीनेही तो करण्याचे धाडस केले. वर्णभेदाविरुद्ध लढणारे कृष्णवर्णीय आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी तिथल्या तिथे त्याचा स्वीकार केला. हा प्रसंग समेटाचा आदर्श म्हणून सांगितला जातो आणि तो हृद्य आहेच. पण माझे मन रेंगाळते ते त्यानंतर जे झाले त्यावर. तुम्ही आमच्या वतीने क्षमा कशी केलीत, असा प्रश्न काही कृष्णवर्णीय प्रतिनिधींनी टुटूंना केला, तर दुसरीकडे माजी राष्ट्राध्यक्ष बोथा यांना या अंगीकाराचा संताप आला. बोथांचा राग समजण्यासारखा आहे, त्यात विचार करण्याजोगे फारसे नाही. त्या प्रतिनिधींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला अजून सापडलेले नाही. दोष अंगीकारणाऱ्याने आपल्या समाजाच्या वतीने बोलावे हे मी समजू शकते, कारण लाभ सगळ्यांनी मिळून घेतलेला असतो. पण जखम ज्याची त्याने वेगवेगळी सोसलेली असते. त्याच वेळी हेही खरे की टुटूंनी त्या दिवशी मौन पाळले असते, तर ते सभागृह कोणत्या तोंडाने एकत्र प्रार्थनेला उभे राहिले असते, हेही मला सांगता येत नाही.

बायबलमधील जक्कय या श्रीमंत जकातदाराच्या गोष्टीत, कोणाकडून अन्यायाने काही घेतले असेल तर ते चौपट परत करीन, असे तो म्हणतो तेव्हाच आज या घराला तारण झाले आहे, असे येशू म्हणतो. दक्षिण आफ्रिकेतला समेटही नेमका परत करण्याच्या टप्प्यावर येऊन अडखळला. १९९४ च्या एप्रिलमध्ये, पहिल्या सर्ववंशीय निवडणुकीच्या थोडेच दिवस आधी, मिशन चर्च आणि कृष्णवर्णीयांचे चर्च एक झाले. परंतु काही मंडळ्या बाहेरच राहिल्या आणि तो वाद न्यायालयापर्यंत गेला. गोऱ्या चर्चच्या सर्वसाधारण सिनडने २०११ साली बेलहारचा अंगीकार आपल्या विश्वासाच्या पायात समाविष्ट करण्याच्या बाजूने कौल दिला, पण खालच्या पातळीवर त्यासाठी लागणारे बहुमत मिळाले नाही. ऐक्याची बोलणी चालूच आहेत. तोवर वर्णभेदाच्या कायद्याने आखलेल्या वस्त्या बऱ्याच अंशी जिथल्या तिथे आहेत, आणि माणूस रविवारी सहसा घराजवळच्याच देवळात जातो.

आमच्याकडे १९७० साली नागपुरात सहा चर्चे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. बाप्तिस्मा बालपणी द्यावा की जाणतेपणी, यासारख्या प्रश्नावरही तिथे दोन्ही पद्धतींना जागा देऊन वाट काढली गेली. आजीच्या गावी त्या ऐक्याची उपकारस्तुती झाली तीही दोन सतरंज्यांवर बसूनच.

मी दोन वर्षांपूर्वी तिथे गेलो होतो. सतरंज्या गेल्या आहेत, बाके आली आहेत, आणि मोठ्या प्याल्याच्या जागी प्रत्येकाला बोटभर उंचीचा वेगळा पेला मिळतो. स्वच्छतेसाठी, असे पंचांपैकी एकाने मला सांगितले, आणि ते खरेही असेल. आता कोणी कोणाच्या नंतर पीत नाही, त्यामुळे तो जुना वाद आपोआप मिटला, असेही ते समाधानाने म्हणाले. उपासना संपल्यावर मी बाहेर उभा होतो, तेव्हा आजीच्या चुलतभावाची सून ते रिकामे पेले गोळा करून विसळत होती. ही पाळी कोणाकोणाची असते, असे मी तिला सहज विचारले. "आमच्याच घरांची असते, दादा," ती म्हणाली, "पहिल्यापासून."