सिद्धान्त कुणासाठी?

पीएचडीच्या वाचनात आज आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक रॉबर्ट कॉक्स यांचा १९८१चा लेख पुन्हा हाती घेतला. कुठलाही सिद्धान्त कुणासाठी तरी आणि कशासाठी तरी असतो, हे त्यांचं म्हणणं. आंतरराष्ट्रीय संबंधांतले बरेच सिद्धान्त आहे ती व्यवस्था गृहीत धरून तिच्या अडचणी सोडवतात. चिकित्सक सिद्धान्त विचारतो, ही व्यवस्था आली कुठून आणि ती बदलू शकते का?

कॉक्स प्राध्यापक होण्याआधी अनेक वर्षं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत होते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या मांडणीत राज्यसंस्थेइतकंच उत्पादन आणि कामगारांना स्थान आहे.

संध्याकाळपर्यंत माझ्या प्रबंधाचा प्रश्नच बदलला. देशांना मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय कर्जाच्या अटी कोण ठरवतं आणि त्या कोणाला सोसाव्या लागतात, हे आता शोधायचंय. उद्या मार्गदर्शकांशी बोलते.