पुण्याच्या चर्चमधील दानाच्या भिंती

पुण्यातील चर्च पाहायला निघालेल्या माणसाने सुरुवात क्वार्टर गेटपासून करावी, असे माझे मत आहे. तेथील सिटी चर्चची जागाच मुळी दानाची. पेशव्यांच्या फौजेतील ख्रिस्ती अधिकाऱ्यांना व शिपायांना उपासनेसाठी सवाई माधवरावांनी ती १७९२ मध्ये दिली आणि सध्याची इमारत त्यानंतर साठ वर्षांनी, १८५२ मध्ये उभी राहिली. चर्चमधील दान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मूर्ती, चित्रे, काचा येतात. पण पुण्यात या साखळीची पहिली कडी एका हिंदू राज्यकर्त्याने दिलेली जमीन आहे.

कॅथलिक चर्चच्या दोन्ही भिंतींवर क्रूसाच्या वाटेची चौदा दृश्ये असतात. रोमन सुभेदार पिलाताने येशूला सुनावलेल्या शिक्षेपासून त्याच्या कबरेपर्यंतचा हा क्रम असून ईस्टरपूर्वीच्या उपासकाळातील शुक्रवारी भाविक प्रार्थना म्हणत एकेका दृश्यापाशी थांबतात. ही दृश्ये एकेका कुटुंबाने आपापल्या मृतांच्या स्मरणार्थ द्यावीत, अशी प्रथा अनेक ठिकाणी आढळते. एकोणिसाव्या शतकात अशी उठावचित्रे व पुतळे युरोपातील कारखान्यांत साच्यांतून तयार होत आणि जहाजाने जगभर जात. त्यामुळे गोव्यापासून दक्षिण अमेरिकेपर्यंत ख्रिस्ताचा चेहरा बहुतेक ठिकाणी एकाच वळणाचा, गोरा व लांबट दाढीचा दिसतो. पैसा स्थानिक भक्ताचा असला तरी निवड मात्र छापील यादीतून होत असे.

पुण्याच्या लष्कर भागातील सेंट मेरीज चर्च १८२५ चे आहे आणि त्याचे समर्पण कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हस्ते झाले. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ मध्ये दापोडी येथे वारले. त्यांचे दफन याच चर्चमध्ये आहे. हेबर आणि ग्रँट दोघेही इंग्रजी उपासनागीतांचे नामांकित कवी होते, हा योगायोग मला फार आवडतो. येथे दानाचे स्वरूप पालटते. संगमरवरी पाट्या, पितळी फलक, रंगीत काचेच्या खिडक्या या सर्वांमागे लढाईत किंवा पटकीने गेलेल्या अधिकाऱ्याची पलटण, नाहीतर त्याची विधवा पत्नी उभी असते. लष्करी चर्चमध्ये हे सर्रास दिसते. पाटीवर मृताचे नाव जितके ठळक, तितकेच ती बसवणाऱ्या सहकाऱ्यांचेही ठळक असते.

रंगीत काचेच्या खिडकीजवळ उभे राहून पाहिले की दुरून एकसंध दिसणारे चित्र शेकडो तुकड्यांचे आहे, हे ध्यानात येते. प्रत्येक रंगाची काच वेगळी कापलेली असते आणि शिशाच्या पट्ट्यांच्या खोबणीत बसवून तुकडे एकमेकांना जोडलेले असतात. चेहऱ्याच्या रेषा, बोटे, वस्त्राच्या चुण्या मात्र तपकिरी रंगाने काचेवर रंगवून भट्टीत भाजलेल्या असतात. जेथे हा रंग पुरेसा भाजला जात नाही, तेथे काही दशकांत नाक-डोळे पुसट होत जातात आणि झगा तेवढा लखलखीत उरतो. इंग्लंडमधील मंद उजेडाचा अंदाज घेऊन बनवलेली काच आपल्या एप्रिलच्या उन्हात जरा अधिकच भडक दिसते, असे मला वाटले. पावसाळी सकाळी ती अधिक शोभत असावी.

गुरुवार पेठेतील पंचहौदाचे पवित्र नाम देवालय हे चर्च १८८५ चे. त्याचा घंटाघराचा मनोरा मुख्य इमारतीपासून सुटा, सुमारे १३० फूट उंच आहे आणि त्यातील आठ घंटा इंग्लंडमधील लफबरोच्या टेलर कारखान्यात ओतलेल्या आहेत. याच मिशनमध्ये १८९० साली लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदी मंडळी चहा प्यायली आणि त्यावरून पुण्यात केवढे वादळ उठले, ते मराठी वाचकांना सांगायला नको. देवालयाच्या परिसरात मराठी कानी पडते, उपासना मराठीत होते; इमारतीची घडण मात्र पाश्चात्त्य आहे.

या विसंगतीवर पुण्यातच उत्तर शोधले गेले. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूंनी १९२२ मध्ये भारतीय वळणाने ख्रिस्ती जीवन जगू पाहणारा ख्रिस्त प्रेम सेवा संघ स्थापन केला. त्यांच्यावर रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या विचारांचा मोठा प्रभाव होता. संघाचा आश्रम पुढे शिवाजीनगरात आला. गोव्यातील सांत इस्तेव्ह येथे १९०२ साली जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका याच आश्रमात येऊन राहिले. त्यांनी वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडले होते आणि बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्याकडे चित्रकलेचे धडे घेतले होते. त्यांच्या चित्रांतील मरिया, म्हणजे येशूची आई, सावळी, अनवाणी, लुगडे-साडी नेसणाऱ्या आपल्याकडच्या बाईसारखी आहे. जलरंगाचे पातळ हात एकावर एक देऊन साधलेला त्यांचा मातकट रंग छापील प्रतीतही डोळ्यांत भरतो. पदराची कड एकाच संथ रेषेत डोक्यावरून खांद्यावर उतरते आणि बाळ मांडीवर आपल्या घरातले असावे तसे बसलेले असते. गोव्यातील अनेक ख्रिस्ती मंडळींना ही चित्रे रुचली नाहीत, त्यांच्यावर कडक टीका झाली. पुण्याने त्यांना निवारा दिला आणि १९६७ मध्ये त्यांचे निधनही पुण्यातच झाले.

दान देणाऱ्याला जो देव ओळखीचा वाटतो तोच भिंतीवर चढतो, आणि कारखान्यातल्या गोऱ्या मूर्तीची सवय झालेल्या भाविकांना साडीतली मरिया बराच काळ परकी वाटली, असे मला तरी दिसते. फोन्सेका यांना जाणकार पाठीराखे मात्र लाभले. स्पॅनिश इतिहासकार फादर हेनरी हेरास यांनी त्यांना उत्तेजन दिले आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील हेरास संस्थेत त्यांची चित्रे जमा केली. चित्रकाराच्या पश्चात घरी राहिलेला मोठा संग्रह कुटुंबीयांनी गोव्यातील पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राला दिला. ज्या गोव्यात या चित्रांवर टीका झाली, तेथेच ती आता जतन केली जातात. पुण्यात राहून काढलेली ही चित्रे मुळातून पाहायची असतील, तर पुणेकराला पर्वरीची वाट धरावी लागते. केंद्र संशोधनाचे असल्याने आधी चौकशी करून जावे, हे उत्तम.