‘ताई, त्या मुलीचं पुढे काय झालं?’

पुण्यात दृष्टिहीन विद्यार्थ्यांना लेखनिक जुळवून द्यायचं काम मी सात वर्षं करते आहे. मुलं ‘लेखनिक’ म्हणत नाहीत, ‘रायटर’ म्हणतात. परीक्षा जवळ आल्या की फोन सुरू होतात, “ताई, बावीस तारखेच्या इकॉनॉमिक्सला रायटर मिळेल का?” विद्यार्थी उत्तर सांगतो आणि रायटर ते जसंच्या तसं उतरवतो. तासामागे निदान 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. जाणं-येणं, आधी पोचून बसणं धरलं तर माणसाचा अख्खा दिवस जातो. एक पैसाही न घेता.

विद्यार्थ्याने स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी कमी असावं, असं केंद्र सरकारच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं होतं. म्हणून पदवीच्या पेपरांना माझ्याकडे नुकतीच बारावी झालेली मुलं येतात, नाहीतर बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण तिथंच थांबलं अशा बायका. “माझी बारावीच झालीय हो,” असं आयुष्यभर मान खाली घालून सांगत आलेल्या बाईला मी म्हणते, “काकू, मला बारावीवालीच हवीय.” पलीकडून लगेच उत्तर येत नाही. मग हळूच विचारणा होते, “अक्षर कसं चालेल?”

या माणसांचे आभार मानायचे म्हणून पहिल्या वर्षी आम्ही रीतसर सत्कार ठेवला. तारीख मुद्दाम 5 डिसेंबर धरली, त्या दिवशी आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन असतो. हॉल घेतला, गुलाबाची फुलं आणली, सन्मानचिन्हं करून घेतली, प्रमाणपत्रं छापली. पाहुणे दीड तास उशिरा आले. भाषणं झाली. नावं भराभर पुकारली गेली, त्यातली तीन चुकीची छापलेली होती. घरी स्वयंपाक खोळंबलेल्या बायका घड्याळाकडे बघत बसल्या होत्या. आणि ज्यांचे पेपर त्यांनी लिहिले ती मुलं मागच्या रांगेत होती. त्यांची आणि रायटरांची भेटसुद्धा झाली नाही. सगळे गेल्यावर खुर्च्या उचलताना एका खुर्चीवर सन्मानचिन्ह तसंच राहिलेलं सापडलं. मला फार वाईट वाटलं. राग आला नाही, कारण चूक आमची होती.

मार्चमध्ये यादी घेऊन बसले तर बरेच जण “या वेळी जमणार नाही” म्हणाले. तेव्हा ठरवलं, एकेकाला निवांत फोन करायचा आणि पेपरचं नाव न काढता फक्त ऐकायचं. या कामातला सगळ्यात उपयोगी आठवडा तोच ठरला. कॉलेजातल्या एका मुलाने सांगितलं, रिक्षाचे पैसे घरी मागायला लाज वाटते. एकीला आदल्या रात्री दहाला येणाऱ्या फोनचा त्रास होत होता, पण नाही म्हणता येत नव्हतं. आणि कोथरूडच्या एक काकू म्हणाल्या, “ताई, त्या मुलीचं पुढे काय झालं? राज्यशास्त्राचा पेपर लिहिला होता मी. शेवटच्या प्रश्नाला वेळ कमी पडला. पास झाली का ती? कुणी काही कळवलंच नाही.”

पाच महिने त्या बाईच्या मनात तो शेवटचा प्रश्न होता, आणि आम्ही त्यांना गुलाब आणि सन्मानचिन्ह देऊन मोकळे झालो होतो.

तेव्हापासून निकाल लागला की तो रायटरला कळवायचा, हा आमचा पहिला नियम आहे. विद्यार्थ्याची परवानगी असेल तरच, आणि शक्यतो त्याने स्वतः फोन करून. मार्क नाही सांगितले तरी चालतं, ‘सुटलो’ एवढं पुरतं. हे अवघडही जातं. एक मुलगा एका विषयात राहिला, तेव्हा त्याच्या रायटरला वाटलं, आपल्या अक्षराने घात केला. त्या मुलाने स्वतः फोन करून सांगितलं, “दादा, अक्षराचा काही दोष नाही. मलाच येत नव्हतं. ऑक्टोबरला पुन्हा येशील ना?” तो आला.

प्रवासखर्च आम्ही आता आधीच देतो, मागायची वेळ येऊ देत नाही. एका हंगामात एकाला तीनपेक्षा जास्त पेपरांना बोलवत नाही, कितीही हौशी असला तरी. जो कधीच नाही म्हणत नाही त्याच्यावरच सगळा भार पडतो, आणि एक दिवस तो फोन उचलेनासा होतो. छापील प्रमाणपत्रं बंद केली. त्याऐवजी रायटरांना नेमकं पत्र देतो : किती विद्यार्थ्यांचे, कोणत्या विषयांचे, किती तास. सात पेपर म्हणजे 28 तास. आकडा कागदावर उतरला की लिहिणाऱ्यालाही आपण काय केलं ते दिसतं. असं पत्र एका मुलीने नोकरीच्या मुलाखतीला नेलं होतं. तिथे त्यावरच दहा मिनिटं बोलणं झालं, असं ती सांगत आली.

राज्यशास्त्रवाली मुलगी पास झाली होती. काकूंना तिने नुसता फोन केला नाही, भेटायचंच म्हणाली. भेटायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे जाड कागद आणि ब्रेलची पाटी घेऊन बसली. पाटीवर कागदाच्या मागच्या बाजूने टोचायचं असतं, म्हणून उजवीकडून डावीकडे लिहावं लागतं आणि प्रत्येक अक्षर उलटं धरावं लागतं. टक, टक, टक. एक ठिपका चुकला तर तिने नखाने दाबून बघितला, मग तो कागद बाजूला ठेवून नवा घेतला. तिसऱ्या कागदावर ते मनासारखं उतरलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी तो कागद हातात घेतला, उलटसुलट केला. “काय लिहिलंय?” मुलीने त्यांची तर्जनी धरली आणि कागद सुलटा करून डावीकडून फिरवली. “हा आ. याच्यात तीन ठिपके. हा भ, दोनच. हा पुन्हा आ, म्हणजे भ चा काना. आणि हा र.” काकू दोन-तीनदा त्यावरून बोट फिरवत राहिल्या. “मला नुसतं खरखरीत लागतंय गं.” “लागेल, काकू. मलाही पहिल्यांदा तसंच लागलं होतं.”

मग काकूंनी पर्समधून पेन काढलं आणि त्याच कागदाच्या कोपऱ्यात स्वतःच्या त्या सुवाच्य अक्षरात तारीख घातली. निघताना मला म्हणाल्या, “ऑक्टोबरला हिचे किती पेपर आहेत? तीन तर माझेच धरा.”