तुम्ही विचारलंत म्हणून: पुढच्या पुस्तकाचा हक्क

मी मुलांच्या चित्रपुस्तकांचा प्रकाशक. तुमच्या करारात पुढच्या पुस्तकाचे कलम, म्हणजे चित्रकाराने पुढचे पुस्तक आधी तुम्हालाच द्यावे अशी अट, का नसते, हा प्रश्न मला गेली काही वर्षे दोन बाजूंनी विचारला जातो. व्यवसायातले स्नेही विचारतात तेव्हा त्यात काळजी असते: नव्या चित्रकाराला तुम्ही उभे करायचे आणि त्याचे पुढचे पुस्तक दुसऱ्याने न्यायचे, हे तुम्हाला परवडते कसे? फाइन आर्ट्समधून नुकती बाहेर पडलेली मुले विचारतात तेव्हा त्यात संशय असतो, कारण त्यांच्या कानावर एक जुनी हकिगत अर्धवट गेलेली असते. दोघांनाही मी आजवर वेगवेगळी आणि सोयीची उत्तरे देत आलो. आता एकदाच, जमेल तेवढे पूर्ण लिहितो.

आधी माझी बाजू, कारण ती कोणी फारशी ऐकून घेत नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांतून आम्ही मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत मुलांची चित्रपुस्तके काढतो. चार रंगांतले बत्तीस पानी पुस्तक दीड हजार प्रतींचे छापायचे म्हटले की कागद, प्लेटा, छपाई आणि बांधणी यांचा सगळा पैसा सुरुवातीलाच जातो. वितरक आणि विक्रेता यांचे कमिशन वजा होऊन जे उरते, ते दोन-तीन वर्षे रेंगाळत परत येते. अनोळखी नावाचे पहिले पुस्तक आमच्याकडे सहसा आपला खर्चही भरून काढत नाही. त्याच नावाचे दुसरे, तिसरे आले की शाळेच्या ग्रंथपाल बाई यादीत पहिलेही टाकतात, आणि तेव्हा कुठे हिशेब जुळू लागतो. म्हणून पहिल्या पुस्तकावर पैसे लावणारा माणूस पुढच्या पुस्तकाकडे डोळे लावून बसतो. यात लबाडी आहे असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

2011 साली मी जो करार वापरत होतो त्यात एक कलम होते: चित्रकाराने आपली पुढील तीन चित्रपुस्तके प्रथम आमच्याकडे सादर करावीत, आम्ही न स्वीकारल्यास ती अन्यत्र देण्यापूर्वी तिथल्या अटी आम्हाला कळवाव्यात, आणि त्याच अटींवर पुस्तक घेण्याची संधी आम्हाला द्यावी. पहिले बघण्याचा हक्क वेगळा आणि दुसऱ्याच्या बोलीशी बरोबरी करण्याचा हक्क वेगळा, हे मला त्या वेळी कळत नव्हते. पहिल्यात चित्रकाराचा थोडा वेळ जातो. दुसऱ्यात त्याचा बाजारच जातो, कारण ज्या प्रकाशकाला ठाऊक आहे की आपण पुस्तक वाचायचे, खर्चाचा अंदाज काढायचा, घरच्यांना पटवायचे आणि शेवटी तो आकडा दुसऱ्याने उचलून पुस्तक न्यायचे, तो मुळात आकडाच सांगत नाही. शिवाय माझ्या कलमात मुदत नव्हती. किती दिवसांत उत्तर द्यायचे, ते दिवस कधीपासून मोजायचे, यातले काहीच लिहिलेले नव्हते.

ज्या मुलीच्या करारात हे कलम होते तिचे वडील माझे शाळासोबती. रावपुऱ्यात त्यांचे घर, आणि ती मला लहानपणापासून काका म्हणत आली. सही करताना तिने एकच प्रश्न विचारला होता: "काका, सादर करायचं म्हणजे पूर्ण पुस्तक, की नुसती कल्पना?" मी म्हणालो, "अगं, ते आपण बघून घेऊ." तिने सही केली. वडिलांच्या मित्राने पुढे केलेला कागद दोनदा वाचणे आपल्याकडे बरे दिसत नाही, आणि त्याचा फायदा मला मिळतो आहे हे मला कळत होते, निदान कळायला हवे होते.

पहिले पुस्तक 2012 मध्ये निघाले. ॲडव्हान्स पंधरा हजार, रॉयल्टी पाच टक्के. बरे गेले, फार नाही. फेब्रुवारी 2014 मध्ये ती दुसऱ्याची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, घेऊन आली. विश्वामित्री नदीतल्या मगरींवरचे पुस्तक होते. पावसाळ्यात पुलाच्या कठड्याला ओठंगून पाण्याकडे पाहणारी एक मुलगी, आणि पानागणिक चढत जाणारे मातकट पाणी, ज्यात मगर कुठे आहे हे मुलांनीच शोधायचे. शब्द जवळजवळ नव्हतेच. शहरातून वाहणारी नदी, तिच्यात राहणाऱ्या मगरी आणि त्यांच्या शेजारी बिनतक्रार राहणारी आपण माणसे, हे कोणी इतक्या साधेपणाने काढलेले मी पाहिले नव्हते. मी तिला म्हणालो, "फार आवडलं. थोडं थांब."

ते थोडे थांबणे अकरा महिन्यांचे झाले. हातात पैसे नव्हते. आधीच्या दोन पुस्तकांचे गठ्ठे खोलीत पडून होते आणि कागदवाल्याची उधारी फिटली नव्हती. पण नाही म्हणावे असेही मला वाटत नव्हते, आणि हो म्हणायला कुवत नव्हती, म्हणून ती भेटली की मी "दिवाळीनंतर बघू" असे म्हणत राहिलो. तिनेही कधी तगादा लावला नाही. काकाला तगादा कसा लावायचा?

जानेवारी 2015 मध्ये दिल्लीच्या एका प्रकाशनाने तिला लिहिले. साठ हजार ॲडव्हान्स, सात टक्के रॉयल्टी, त्याच वर्षी पुस्तक. ते पत्र छापून घेऊन ती आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "काका, तुम्ही घेताय का? घेत असाल तर मी त्यांना नाही कळवते. घेत नसाल तर मला दोन ओळी लिहून द्या."

यापेक्षा सरळ कोणी काय बोलणार? तिने दोन्ही दारे उघडी ठेवली होती आणि मी दोन्हींत पाय घालून उभा राहिलो. मी म्हणालो, "सही तुझीच आहे ना? मग साठ हजार मीही देतो. चार हप्त्यांत." ती पत्राकडे पाहून म्हणाली, "यांच्या पत्रात हप्ते नाहीत." मी म्हणालो की रक्कम तीच आहे. ती म्हणाली की अटी त्याच नाहीत. कलमात शब्द 'अटी' असाच होता आणि तिचे बरोबर होते, हे मला त्याच क्षणी समजले होते. तरीही पुढचे दोन-अडीच महिने मी हप्ते म्हणजे बरोबरीच कशी, हे तिला, मग तिच्या वडिलांना आणि मग एका लांबलचक पत्रात पुन्हा तिलाच पटवत राहिलो. त्या पत्राची प्रत माझ्याकडे आहे. त्यात 'तुझ्या पहिल्या पुस्तकावर आम्ही जो विश्वास टाकला' असे वाक्य तीन वेळा आले आहे.

दिल्लीच्या संपादकांनी मार्चमध्ये तिला कळवले की हक्क मोकळे झाल्यावर जरूर सांगा. एप्रिलमध्ये मी लेटरहेडवर तिला हव्या होत्या त्या दोन ओळी लिहून दिल्या. तोवर त्यांची त्या वर्षाची यादी भरली होती, आणि पुढच्या वर्षी ते संपादकच तिथे नव्हते. ती अहमदाबादला शैक्षणिक ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. वेगळा करार नसेल, तर नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्रांची पहिली मालक आपल्या कायद्याप्रमाणे कंपनी असते. म्हणजे एक कलम सोडून ती त्याहून मोठ्या कलमात गेली, मात्र तिथे दर महिन्याला पगार होता. मगरींचे पुस्तक आजतागायत निघालेले नाही.

तिला कदाचित नोकरीच हवी असेल. दिल्लीकरांनी कदाचित नंतर अंग काढून घेतले असते. या शक्यता खऱ्या आहेत, आणि मी त्यांचा आधार गरजेपेक्षा जास्त वेळा घेतला आहे.

तेव्हा न्यायमंदिरात, म्हणजे बडोद्याच्या जुन्या कोर्टात, वकिली करणाऱ्या एका मित्राला मी तो करार दाखवला, तोही सगळे होऊन गेल्यावर. त्याने सांगितले की 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 18 प्रमाणे अजून न झालेल्या कृतीचेही हक्क देता येतात, पण ते लागू होतात ती कृती अस्तित्वात आल्यावरच. आणि कलम 19 प्रमाणे हक्क घेऊन एक वर्षात वापरले नाहीत, तर करारात वेगळे म्हटले नसेल तेव्हा ते संपतात. माझ्या करारात मात्र हक्क दिलेले नव्हते, देण्याचे नुसते बंधन होते, म्हणून ही कलमे थेट लागू होत नाहीत. मग त्याने झहीर खानचा खटला सांगितला. त्या काळात झहीर आपल्या बडोद्याकडूनच खेळत असे. 2000 साली त्याने एका व्यवस्थापन कंपनीशी तीन वर्षांचा करार केला, आणि त्यात असे होते की दुसऱ्या कोणाची बोली स्वीकारण्याआधी ती या कंपनीला दाखवून बरोबरीची संधी द्यायची. मुदत संपल्यावर कंपनीने त्या कलमावर बोट ठेवले. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुदत संपल्यानंतरही माणसाला बांधणारी अशी अट 1872 च्या करार कायद्यातील कलम 27 प्रमाणे व्यवसायाला आडकाठी ठरते, म्हणून ती रद्दबातल. "तुझं कलम मुदतीतलं की नंतरचं, हेच या कागदावरून कळत नाही," मित्र म्हणाला. "कोर्टात गेला असतास तर टिकणं कठीण होतं."

हे ऐकून मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते, पण झाले उलटेच. कागदात जोर नव्हता, तरी पुस्तक अडले. दिल्लीच्या लोकांनी ते कलम तपासले नाही. शंका आहे एवढे त्यांना पुरले. आणि तिने ते झुगारले नाही, कारण समोर प्रकाशक नव्हता, काका होता.

तेव्हाचा मी आजच्या मला एक गोष्ट ऐकवत असे: बडोद्यात कलावंत बांधूनच ठेवले जात, फैयाज खाँसाहेब दरबारगायक होतेच ना? होते. पण दरबार त्यांना वेतन देत होता. मी पंधरा हजारांत एका पुस्तकाचे हक्क घेतले होते आणि पुढच्या तिन्हींचे मोल शून्य धरले होते. यावर तेव्हाचा मी म्हणतो, मग पहिल्या पुस्तकातला तोटा कोणी भरायचा? त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. कलम काढल्यापासून दोन चित्रकार पहिल्या पुस्तकानंतर दुसरीकडे गेले, आणि त्यातल्या एकाचे पुस्तक उत्तम खपते आहे. मला राग आला. अजून आहे.

एक अपवाद मी ठेवला आहे, तो लपवत नाही. पहिल्या पुस्तकातल्या त्याच पात्रावर पुढचे पुस्तक केले, तर ते दोन वर्षांपर्यंत आधी आम्हाला दाखवावे. डमी हाती आल्यापासून तीस दिवसांत आम्ही लेखी उत्तर द्यायचे, न दिल्यास तो नकार समजायचा, आणि बरोबरी वगैरे काही नाही.

गेल्या महिन्यात एका नव्या मुलाने करार वाचला, नीट दोनदा वाचला, आणि विचारले, "पुढच्या पुस्तकाबद्दल यात काहीच नाही. म्हणजे तुम्हाला माझं पुढचं काम नकोय का, सर?" या बाजूने हा प्रश्न मला कोणी विचारलेला नव्हता. कलम नसणे हा मी त्याचा मोकळेपणा समजत होतो. त्याला तो माझा अविश्वास वाटला. म्हणून आता एक नवा मसुदा लिहिला आहे: पुढचे एकच पुस्तक, पंचेचाळीस दिवस, आणि ते पंचेचाळीस दिवस राखून ठेवण्याबद्दल त्याला आगाऊ वेगळी रक्कम, जी पुस्तक घेतले नाही तरी परत मागायची नाही. सोमवारी तो येणार आहे. रकमेची जागा मी दोनदा भरली आणि दोन्ही वेळा खोडली; आकडा अजून लिहायचा आहे.