क्रुगरमधला रडका सोनमोहर

आभाळ कोरडं ठणठणीत, पहिला पाऊस अजून यायचाय, आणि एका झाडाखालची माती मात्र भिजलेली. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात ऑक्टोबरच्या सुमारास असं दिसलं की मान वर करायची. पेल्टोफोरम आफ्रिकानम. आफ्रिकान्स बोलणारे याला सरळ ‘रडकं झाड’ म्हणतात.

आपल्याकडे रस्त्याकडेला लावतात तो सोनमोहर आग्नेय आशियातला. हा त्याचा आफ्रिकी भाऊ. फुलं तशीच, पाच पाकळ्यांची, पिवळीधमक, चुरगळलेल्या क्रेप कागदासारखी. पण उंची बेताची, बहुधा 5 ते 10 मीटर, आणि पसारा ऐसपैस. पानांमुळे लांबून बाभूळच वाटते. गाईडसुद्धा घाईत चुकतात. काटे शोधा, एकही सापडला नाही आणि कोवळ्या शेंड्यांवर गंजाच्या रंगाची लव दिसली, तर हाच. फुलांचे तुरे ताठ उभे असतात. शेंगा चपट्या, दोन्ही टोकांना निमुळत्या, जेमतेम 10 सेंटिमीटर. आत एक-दोनच बिया.

आता रडणं. तुडतुड्यांच्या जातकुळीतल्या एका कीटकाची पिल्लं कोवळ्या फांदीत सोंड खुपसून मुळांकडून वर येणारा रस ओढतात. त्या रसात पाणीच पाणी, पोषण नावाला; म्हणून प्यावा लागतो भरपूर आणि टाकावाही लागतो तेवढाच. थोड्याचा फेस करून पिल्लं त्यात लपतात: ऊन लागत नाही, पक्ष्यांना दिसत नाही. बाकीचं टपटप खाली. फांदीच्या बेचक्यात पांढरा फेस दिसला, की काडीने हलकेच बाजूला सारा, आत फिकट पिल्लं दिसतील. हे मुक्कामाच्या कॅम्पमध्येच करा. बाहेर, ठरलेल्या जागा सोडून, गाडीतून उतरायला बंदी आहे. आणि सावली बघून याच झाडाखाली गाडी लावू नका.

फुलं सप्टेंबर ते फेब्रुवारी, टपटप पावसाआधी. दोन्ही हवं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठा.

बी रुजवायची तिथली रीत सोपी: उकळून उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवायचं. टरारून फुगेल ते पेरायचं, न फुगलेलं पुन्हा गरम पाण्यात. टणक सालीतून पाणी शिरल्याशिवाय कोंब येत नाही. रोपांना पहिले हिवाळे दंवापासून जपावं लागतं. मोह झाला तरी शेंग खिशात टाकू नका. उद्यानातून काही तोडून नेता येत नाही, आणि भारतात बी आणायला आयात परवाना लागतो.