पट्ट्याचं शेपूट

रायगडासमोरच्या लिंगाणा सुळक्यावर लोकांना घेऊन जायला लागल्याला नऊ वर्षं झाली. मोहरी गावातून पहाटे तीनला निघायचं, बोराट्याची नाळ ही उभी घळ अंधारात उतरायची आणि उजाडता उजाडता खिंडीत पोचायचं. मला खरी धास्ती त्या नाळेची असते. सुटे दगड, घसारा आणि मागच्या माणसाच्या पायाखालून काय निसटेल याचा नेम नाही. पाहुण्यांना मात्र भीती वाटायला लागते ती समोर सुळका दिसला की. तोवर सगळे गप्पांत.

त्या रविवारी बारा जण होते. त्यातल्या एकाने छातीवर कॅमेरा बांधला होता. मला या प्रकाराचा कंटाळा आहे, आधीच सांगतो. चढताना छाती कातळाला लागलेली असते, म्हणजे घरी जाऊन बघायला मिळते वीतभर अंतरावरून दिसणारी बसाल्टची भोकं, तीही तासभर. त्यात त्या रुंद भिंगात उभा कडा आडवा पडतो. मग घरचे म्हणतात, 'दिसायला काही एवढं अवघड वाटत नाही.' हेल्मेटवर लावला तर मान वळेल तिकडे चित्र गरगरतं आणि धुराड्यासारख्या अरुंद खाचेत तो आधी आपटतो, मग डोकं. हात मोकळे राहतात म्हणून घेतात. पण दर स्टेशनला, म्हणजे दोर बांधायच्या थांब्याला, 'दादा, चालू आहे का बघ ना' असतंच, कारण स्वतःच्या छातीवरचा लाल दिवा स्वतःला दिसत नाही.

चढाई नीट झाली. गुहेपाशी पाणी प्यायलो, माथ्यावरून समोर रायगड, जगदीश्वराचं देऊळ, फोटो, सगळं झालं. खिंडीत दुसऱ्या एका ग्रुपची चाळीसेक माणसं रांगेत बसली होती. एवढी माणसं एका दोरावर चढवणाऱ्यांना मी काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उतरताना तिसऱ्या स्टेशनवरून तो कॅमेरावाला मुलगा रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून उतरायला, निघाला. बारा-पंधरा फूट गेला आणि थांबला. "दादा, खाली जाईना!"

वाकून बघितलं. कॅमेऱ्याच्या पट्ट्याचं जादा टोक, बकलातून बाहेर लोंबणारं ते वीतभर शेपूट, दोराबरोबर 'एट'मध्ये, म्हणजे उतरताना दोर ज्यातून सरकतो त्या धातूच्या आठच्या आकड्यात, ओढलं गेलं होतं. मोकळे केस नि सैल टी-शर्ट मी रोज खोचायला लावतो. पट्टा माझ्या यादीत नव्हता.

सेफ्टीचा दोर माझ्या जोडीदाराच्या हातात होता, त्यामुळे पडायची भीती नव्हती. जोडीदार पायथ्याच्या गावातला. शहरातून गिर्यारोहणाचं बेसिक-अ‍ॅडव्हान्स करून आलेल्या तिघांऐवजी मी त्याला एकट्याला घेईन. मी जादा दोरावरून शेजारी उतरलो. पोरगं म्हणालं, "चाकूने कापून टाक ना." लोकांना हेच सुचतं. ताणलेल्या दोराला पात्याचा नुसता स्पर्श पुरतो. खिशात चाकू असून मी नाही म्हणालो.

त्याच्या एटच्या वर, त्याच्याच दोरावर प्रुसिकची, म्हणजे वजन आलं की दोराला आवळणारी, गाठ मारली, तिला लांब स्लिंग, म्हणजे पट्टीचा फासा, अडकवली आणि तिच्यात त्याचा पाय घालून म्हटलं, "आता जिना चढल्यासारखा उभा राहा." पाय थरथरत होते. दोनदा बसला. तिसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा एट ढिली पडली. त्या तीन-चार सेकंदांत दोराचं वेटोळं सैल करून पट्टा खेचून काढायचा असतो. निघाला. पायातली स्लिंग सोडवली, प्रुसिक काढली आणि त्याला हळूहळू खिंडीत उतरवलं. वीस मिनिटं गेली असतील. खाली पोचल्यावर टाळ्या पडल्या, मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चार दिवसांनी त्याने अख्खं फूटेज पाठवलं. अडकल्याचा भाग पुढच्या बॅचना दाखवायला घ्यावा म्हणून मी बघायला बसलो.

स्टेशनवर प्रत्येकाच्या कॅरॅबिनरचा, म्हणजे एट कंबरेला जोडणाऱ्या कडीचा, स्क्रू मी स्वतः फिरवतो, मग गेट दाबून बघतो आणि मगच 'चेक' म्हणतो. त्या मुलाचाही फिरवला होता. मला आठवतंय. स्क्रूचा थंडगार स्पर्शसुद्धा आठवतो.

फूटेजमध्ये तसं नाहीये. पट्टा सैल होऊन कॅमेरा खाली झुकला होता, त्यामुळे त्याची कंबर नि माझे दोन्ही हात स्वच्छ दिसतात. तो विचारतो, "चालू आहे का?" माझा हात कॅरॅबिनरकडे निघालेला असतो, तो तिथून वर येतो, चित्रावर माझी सावली पडते, मी दिवा बघतोय. "चालू आहे. चेक. जा." स्क्रूला माझं बोट लागलेलं नाही. स्क्रू उघडा आहे, कॅमेरा हलायच्या आधी तो स्पष्ट दिसतो.

आणि पुढे, पट्टा निघाल्यावर, माझा अंगठा तोच स्क्रू तीन वेढे फिरवून बंद करतो. तोंडाने मी तेव्हा त्याला म्हणतोय, "घाबरू नको, घरी जाऊन पोहे खायचेत." स्क्रू उघडा सापडल्याचं मला त्या क्षणी कळलं होतं की बोटांनी सवयीने केलं, हे चार-पाच वेळा बघूनही सांगता येत नाही. ते वेढे मला अजिबात आठवत नाहीत.

जोडीदाराला दाखवलं. तो दोर गुंडाळत होता. म्हणाला, "सेफ्टी होती ना भाऊ?" होती. वेगळ्या कॅरॅबिनरला होती, तो बंद होता. एवढं बोलून तो पुढच्या दोराला लागला.

छातीवरचे कॅमेरे मी आता बंद केलेत. पाहुण्यांना कारण पट्ट्याचं सांगतो.

त्या मुलाने परवा रील टाकली. माथा, झेंडा, खाली धुकं आणि शेवटी लटकलेला तो नि शेजारी मी. खाली लिहिलंय, 'दादा होता म्हणून.' मला पाठवून विचारलं, कशी झालीय?

मी अंगठा पाठवला.