नंतर म्हणजे कधी?

सुट्टीत आजी-आजोबा राहायला येणार हे घरात ठरले, तेव्हा त्यांच्या येण्याला तेरा दिवस बाकी होते. धाकटीला ते सांगण्याची घाई आम्ही केली. तिने लगेच विचारले, "उद्या येणार?" मी म्हटले, "उद्या नाही गं, अजून खूप दिवस आहेत." दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, डोळे चोळत थेट दारापाशी जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "झाले ना आता खूप दिवस?"

ती चार वर्षांची आहे. तिच्या बोलण्यात जे जे होऊन गेले ते सगळे काल झालेले असते, मग ते आज सकाळचे असो की मागच्या सुट्टीतले. आणि जे जे व्हायचे आहे ते सगळे उद्या होणार असते. त्यातून आपली भाषाही या बाबतीत लहानांना फारशी मदत करत नाही. मामा परवा आला आणि मावशी परवा येणार, या दोन्ही वाक्यांत शब्द तोच आहे. मागचा परवा की पुढचा परवा हे केवळ क्रियापदावरून ओळखायचे. मोठी माणसे ते सहज ओळखतात, परंतु चार वर्षांच्या मुलीला तो शब्द ऐकून नेमके कुठे बघावे हेच कळत नाही. सुट्टीच्या आधी लहान मुले दिवसातून वीस वेळा तोच प्रश्न विचारतात तेव्हा आपण त्याला हट्ट म्हणतो. मला आता वाटते की तो बहुतेक वेळा हट्ट नसतो. किती थांबायचे आहे हे मोजायला त्यांच्या हातात काहीच नसते, म्हणून ती आपल्याला विचारतात.

थोरला सात वर्षांचा आहे आणि त्याला दिनदर्शिका वाचता येते. त्याने तारखेवर गोल करून बहिणीला दाखवला, पण तिच्या दृष्टीने तो चौकोनांच्या गर्दीतला आणखी एक चौकोन होता. मग त्याच संध्याकाळी आम्ही तिघांनी बसून रंगीत कागदाच्या बारा पट्ट्या कापल्या, त्या एकमेकींत ओवून चिकटवल्या आणि ती साखळी मुलांच्या खोलीच्या दारावर टांगली. रोज रात्री दात घासून झाले की धाकटीने एक कडी काढायची आणि शेवटची कडी निघाली की दुसऱ्या दिवशी आजी-आजोबा येणार, असे ठरले. पहिल्या रात्री तिने एक कडी काढली. मी दिवा मालवून बाहेर आले आणि थोड्या वेळाने आतून कागद फाटल्याचा आवाज आला. जाऊन पाहिले तर ती खुर्चीवर चढून तिसरी कडी काढत होती. साखळी लवकर संपवली की ते लवकर येतील, हा तिचा विचार होता, आणि खरे सांगायचे तर त्यात तर्काची चूक काहीच नव्हती. थोरल्याने अंथरुणातून उठून तिला समजावले, "अगं, साखळी संपली म्हणून दिवस संपत नाही. दिवस संपला की मग कडी काढायची." त्याचे ते वाक्य माझ्या सगळ्या समजावण्यापेक्षा सरस होते. आम्ही दोन कड्या पुन्हा चिकटवल्या. त्यानंतर तिने कधीही जास्तीची कडी काढली नाही. मात्र रोज सकाळी उठल्यावर ती साखळीखाली उभी राहून उरलेल्या कड्या बोट लावून मोजत असे.

दरम्यान आमच्या हातून एक चूक झाली. मुलांसाठी आणलेल्या भेटवस्तू आम्ही कागदात गुंडाळून कपाटावर ठेवल्या आणि त्या खालून दिसत होत्या. पुढचे दोन दिवस धाकटीचे खेळणे, जेवणे, गोष्ट ऐकणे सगळे त्या कपाटाखाली येऊन थांबू लागले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. आत्ता एक खाऊ घे किंवा थांबलास तर दोन मिळतील, असे मुलांना सांगून त्यांना खोलीत एकटे बसवण्याचे. त्या प्रयोगांची चर्चा बहुधा एकाच अंगाने होते, की जी मुले थांबली ती पुढे आयुष्यात यशस्वी झाली. 2018 मध्ये 900हून अधिक मुलांच्या माहितीवर झालेल्या अभ्यासात घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर तो संबंध बराचसा विरून गेला. परंतु मिशेल आणि त्याच्या सहकाऱ्याने 1970 मध्येच मांडलेला एक साधा निष्कर्ष आई-बाबांच्या खरोखर उपयोगाचा आहे: खाऊ डोळ्यांसमोर नसला की तीच लहान मुले कितीतरी जास्त वेळ थांबू शकतात. नवऱ्याने रात्री त्या वस्तू आमच्या खोलीतल्या पलंगाखाली ठेवल्या. सकाळी धाकटीने एकदा वर पाहिले, एकदा विचारले आणि ती खेळायला गेली.

झोपेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, पण ते वगळताही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात 10 ते 13 तास झोप हवी, दुपारची झोप धरून. पाहुण्यांच्या गडबडीत आमच्याकडे सर्वांत आधी बुडते ती दुपारची झोप, आणि मग संध्याकाळी पाच मिनिटे थांबणेसुद्धा तिच्या आवाक्याबाहेर जाते. त्या वेळी समजावण्यात अर्थ नसतो; तिला उचलून शांत खोलीत नेणे एवढेच करायचे असते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळे लिहायला घेतले ती सांगते. आजी-आजोबा आले, त्यांच्या पाठोपाठ इतर पाहुणेही आले आणि घर भरून गेले. एका मोठ्या वस्तूचे रिकामे खोके घरात आले होते. धाकटीने त्याचे घर करायचे ठरवले आणि मला विचारले. मी म्हटले, "करू या ना, नंतर." संध्याकाळी तिने पुन्हा विचारले, तेव्हा मी कामात होते. "उद्या नक्की," मी म्हटले. दुसऱ्या दिवशी माणसांची ये-जा चालू राहिली. तिने सकाळी एकदा आणि दुपारी एकदा विचारले आणि दोन्ही वेळा मी "थांब जरा" म्हणाले. तिसऱ्या दिवशी तिने विचारले नाही. मला ते जाणवलेही नाही. उलट ती आज शहाण्यासारखी वागते आहे असे मी कोणाला तरी कौतुकाने सांगितले. रात्री आवरताना पाहिले, तर खोके भिंतीकडे तोंड करून सरकवलेले होते आणि दाराच्या जागी तिने खडूने काढलेली वेडीवाकडी रेघ तशीच होती, कापायची राहिलेली. ती विचारायची थांबली होती, कारण माझ्या "नंतर"ला काही अर्थ नाही हे तिने तीन दिवसांत ओळखले होते.

अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि तिच्या सहकाऱ्यांनी केलेला एक छोटा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला, तो मला त्या रात्री आठवला. तीन ते पाच वर्षांची 28 मुले होती. खाऊचा तोच प्रयोग करण्याआधी प्रत्येक मुलाला चित्र काढायला बसवले आणि थोडे थांबलास तर याहून चांगले रंग आणून देते, असे सांगितले. निम्म्या मुलांना ते खरोखर आणून दिले. उरलेल्यांना मात्र, "माफ कर, आपल्याकडे नाहीतच," असे सांगितले. पुढे स्टिकरच्या बाबतीतही तसेच केले. त्यानंतर खाऊसाठी थांबायची वेळ आली तेव्हा शब्द पाळला गेलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली आणि शब्द मोडला गेलेली सरासरी तीन मिनिटे. पूर्ण पंधरा मिनिटे थांबणारी मुले पहिल्या गटात चौदापैकी नऊ होती आणि दुसऱ्या गटात एकच. हे वाचले तेव्हा मला ते एक चांगले संशोधन वाटले होते. खोक्यासमोर उभी असताना त्यातले दोन मोडलेले शब्द मला आपल्याच घरातले वाटले. आपण मुलांना थांबायला शिकवतो असे म्हणतो, पण ज्याच्यासाठी थांबायचे ते येईल याची खात्री त्यांना कोण देणार?

दुसऱ्या दिवशी पाहुणे उठण्याआधी मी आणि धाकटीने त्या खोक्याला दार कापले. सासूबाई उठून आल्या, काही न बोलता त्यांनी आपली जुनी ओढणी पडद्यासाठी दिली आणि त्या पडद्यातून डोके आत घालून नातीशी गप्पा मारत बसल्या. त्या दिवसापासून मी "नंतर" हा शब्द शक्य तेवढा टाळते. "ही भांडी पुसून झाली की", "दादा आंघोळ करून आला की", "दोनदा झोपून उठलीस की", असे तिला दिसेल आणि पडताळता येईल असे काहीतरी सांगते. जे होणार नाही ते होणार नाही असे सांगते. त्यावर ती रडते, आणि रडू देते. सुरुवातीला ती भांड्यांजवळ उभी राहून किती उरली ते पाहत असे. आता दुसरे काहीतरी खेळायला जाते आणि शेवटचे भांडे फडताळात गेल्याचा आवाज आला की येते.

काल आजी-आजोबा परत गेले. संध्याकाळी धाकटी कात्री आणि रंगीत कागद घेऊन माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "आजी-आजोबा परत येतील त्याची साखळी कर." किती कड्यांची, असे मी विचारल्यावर तिने दोन्ही हातांची बोटे उघडून दाखवली. त्यांचे पुढचे येणे अजून ठरलेले नाही. तसे मी तिला सांगितले आणि आजीला फोन करून विचारू या, असेही सांगितले. फोनवर सासूबाई म्हणाल्या, "तारीख ठरली की सगळ्यांत आधी तुलाच सांगेन." मग आम्ही दोघींनी पट्ट्या तेवढ्या कापल्या आणि रबर लावून खणात ठेवल्या. चिकटवल्या मात्र नाहीत.